पुरा हात

सव्हाना, ११ मार्च १८५३

फीबी,

हे पत्र तुला मिंगोच्या बुटातून मिळालं असणार, तेव्हा वास सहन कर. भाताची होडी घेऊन तो इथे गिरणीवर येतो आणि साऱ्या नदीवर तोंड बंद ठेवणारा माणूस तेवढा एकच आहे. वाचून झालं की चुलीत टाक.

तू म्हणशील, ताईला आज लिहायची कशी आठवण झाली. आजवर मिंगोच्या तोंडून निरोप येत होते, तेवढ्यावर भागत होतं. आता जे सांगायचं आहे ते दुसऱ्याच्या तोंडी घालण्यासारखं नाही. मालकाची लेक आपल्याला समोर बसवून शाळा-शाळा खेळायची, आठवतं ना? ती मास्तरीण, आपण दोघी तिच्या पोरी, आणि चुकलं की पट्टी. तिचा खेळ संपला, पण आपल्याकडे अक्षरं राहिली. कुणाला पत्ता लागला नाही म्हणून वाचलो. मी तरी त्या अक्षरांचं आजवर काय केलं? इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्राकडे चोरून बघितलं, इतकंच.

आमच्या लॉजवर जेवायला येणारा डॉक्टर परवा सांगत होता, आपला म्हातारा मालक हा उन्हाळा काढत नाही. मी तिथेच वाढत होते. मी म्हणजे भिंत असल्यासारखं बोलतात ही माणसं. म्हातारा गेला की दोन्ही मुलांत वाटणी होणार. मोठा शेती ठेवील. धाकट्याला चिखलाचा वास सोसत नाही, तो आपल्या वाट्याची माणसं विकून मोकळा होईल. म्हणजे निम्मे लोक विकले जाणार, फीबी. कोण राहणार आणि कोण जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरणार.

मी गावात भाड्याने दिलेली बाई, माझं काय व्हायचं ते होवो. माझा जीव माझ्या लेकीत, मिंडात अडकला आहे. तिला अलाबामात नाहीतर त्याच्याही पलीकडे नेलं तर मी तिला कुठे शोधू? आपल्या आईला नेलं त्याला किती वर्षं झाली. ती जिवंत आहे की नाही हे आपल्याला आजतागायत माहीत नाही. तिला एक ओळ लिहिता आली असती तर तिने कसंही करून पाठवली असती. मिंडाच्या बाबतीत मला ते पुन्हा नको आहे. तिला लिहायला शिकव. तिचं नाव, माझं नाव, सव्हाना, आणि ‘मी इथे आहे’. एवढं आलं तरी बस आहे. विक्री व्हायच्या आत यायला हवं.

पत्रात मात्र शिकणं, अक्षर असले शब्द नकोत. टोपली विणणं म्हण. पत्र गोऱ्याच्या हाती लागलं तर आपल्या पाठी सोलतीलच, पण निदान दोघींच्याच. तिसऱ्या कुणाचं नाव त्यात असता कामा नये.

टेमर


ओगीची नदी, १० एप्रिल

ताई,

मिंगोचे पाय बहुतेक बाप्तिस्म्याच्या दिवशी शेवटचे धुतले होते. तुझं पत्र आधी धुरावर धरलं, मग वाचलं. वाचता वाचता कपाळाला घाम आला. काही शब्द ओळखीचे असूनही मला ओळख देईनात. पण येतंय अजून. मलाच आश्चर्य वाटलं.

तुझं बरं आहे. सावलीत उभी राहून इस्त्री फिरवायची आणि बहिणीला हुकूम सोडायचे. शेतात पाणी सोडायच्या मोरीचं फाटक माझ्या गुडघ्यावर पडलं तेव्हापासून मी कशी चालते ते तू बघितलेलं नाहीस. मुकादम सकाळी काठीने शेत आखून देतो. धडधाकट पुऱ्या हाताला पुरा पट्टा, मला लंगड्या अर्ध्या हाताला अर्धा. पट्टा खुरपून झाला की उरलेला दिवस आपला, म्हणायला. बाकीच्या बाया दुपारीच कुदळ खांद्यावर टाकून निघतात, परसातल्या भेंडीला पाणी घालतात, खाडीत कालवं काढतात. मी मात्र माझा अर्धाच पट्टा ओढत सूर्य बुडेपर्यंत वाकलेली असते. विणायचं कधी? रविवार तेवढा उरतो.

आणि तुझी लेक. कुठल्या मुहूर्तावर झाली कोण जाणे. मी म्हटलं, बस, विणायला शिकवते. म्हणते, “टोपल्या येतात मला, मावशी.” म्हटलं, ही निराळी टोपली आहे. तर म्हणते, “हिच्यात खेकडे मावतात का?” मी खुरप्याचा दांडा उगारला तेव्हा आली.

तिला बांधाच्या पलीकडे नेलं. ओल्या चिखलावर काडीने तिची टोपली काढून दाखवली, म्हणजे काय ते तुला कळलं. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच विचारलं, “ही मी?” मी म्हटलं, हो, ही तू. तेवढ्यात भरतीचं पाणी चढलं आणि सगळं पुसून गेलं. तर रडायला लागली, ताई. झाडावरून पडून हात मोडला तेव्हा न रडलेली पोर. पुढच्या रविवारी मी उठायच्या आत बांधावर जाऊन बसली होती.

विक्रीचं तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. एक गोष्ट मात्र मनाशी धरून आहे. अर्ध्या हाताला कुणी वेगळं गिऱ्हाईक नसतं. आम्हाला आमच्या घरच्या पोराबाळांच्या जुडीत बांधून टाकतात. म्हणजे मिंडा जिथे जाईल तिथे मीही जाईन, राहील तिथे राहीन. लंगडी झाल्याचा एवढा तरी उपयोग.

फीबी


सव्हाना, ५ जून

फीबी,

मालक गेला. तुला कळलंच असेल, तुम्हाला काळ्या फिती बांधायला लावल्या असतील. इथे लॉजवर सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलले आणि मग लगेच जमिनीबद्दल बोलायला लागले.

विक्री जानेवारीत, भात झोडपून झाल्यावर. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी छापलेलं वाचलं. त्यात कुणाचीही नावं नव्हती. ‘भाताच्या कामात मुरलेली माणसं’ एवढंच होतं. मी त्याच कागदावर एका गिऱ्हाइकाचा सदरा ठेवला आणि त्याच्यावरून इस्त्री फिरवत राहिले. सदरा करपला. लॉजच्या मालकिणीने थोबाडीत दिली, पण मला ती लागली नाही, दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी वाटली.

लॉजवरच्या पोराची अंकलिपी जुनी झाली म्हणून बंबात घालायला दिली होती. मी बंबात घातली नाही. तिची पानं सुटी करून पाठवते आहे. एका वेळी एकच पान बाहेर काढ. ह्या गतीने होणार नाही, फीबी. रविवार पुरत नाही. दुपार मिळव, कशीही मिळव. तुला माझा राग येत असेल तर येऊ दे. पण मिंडाला एक वाक्य नीट यायला हवं.

आणि तिला सांग, आई विचारत होती. एवढंच सांग.

टेमर


ओगीची नदी, ३ जुलै

ताई,

दुपार मिळाली. कशी मिळाली ते विचारू नकोस, तूच म्हणालीस की तिसऱ्याचं काही लिहायचं नाही.

विणायला आता मिंडा एकटी नाही. मी कुणाला बोलावलं नव्हतं. तुझ्या लेकीच्या तोंडात तीळ भिजत नाही. पहिल्यांदा एक आली, म्हणाली, मी नुसती बघते. मग दुसरी. आता पाच बाया आहेत आणि एक पुरुष, तोही असा की नाव सांगितलं तर तू खुर्चीवरून पडशील. नवीन भरती आली की चिखल कोरा होतो, आम्ही पुन्हा सुरू करतो. आपल्यासारखी फुकट पाटी गोऱ्यांच्या पोरांनाही नसेल.

त्यांच्यात एक म्हातारी आहे. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, “मला येशूबिशू नको, तो माझ्याशी तसाही बोलतो. माझी तीन मुलं विकली, त्यांची नावं करून दे.” मी करून दिली. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी तिथून हलेना. मिंडाने हात धरून बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी तिने ती नावं स्वतःच्या हाताने काढली, वाकडीतिकडी, पण तिन्ही.

मला वाटलं होतं, ताईची कटकट म्हणून करायचं. आता तसं नाही. दुपारी बांधाकडे निघाले की मी कुणाची गुलाम आहे हे मला खरंच आठवत नाही. लिहिताना लाज वाटते, पण तसंच आहे.

एक गंमत सांगते. कारभारी ट्रॅमेल घोड्यावरून आला. म्हणाला, “काय गं फीबी, तुझा पट्टा आताशा दुपारीच उरकतो. गुडघा बरा झाला वाटतं.” मी म्हटलं, “देवाची कृपा आहे, साहेब.” त्याने तिथल्या तिथे मुकादमाला सांगितलं, उद्यापासून हिला पुरा पट्टा. म्हणजे तुझी लंगडी बहीण आता पुरा हात झाली. हस जरा.

फीबी


सव्हाना, २४ जुलै

फीबी,

मला हसू आलं नाही.

तुला डोकं आहे की गुडघ्याबरोबर तेही चेचलं गेलं? तूच लिहिलं होतंस ना, अर्ध्या हाताला पोरांच्या जुडीत बांधतात म्हणून? तेवढ्या एका आशेवर मी इथे दिवस ढकलते आहे. तू जवळ असशील तर मिंडा कुठेही गेली तरी कुणाची तरी असेल, असं स्वतःला समजावते. आणि तू त्या ट्रॅमेलसमोर कंबर मोडून काम करतेस? नवरा नाही, पोर नाही अशा पुऱ्या हाताचं काय करतात हे मी इथे रोज बघते. तिला एकटीलाच उभं करतात आणि जो मागेल त्याला देतात.

हात आखड. कण्ह, बांधावर बसून राहा, पट्टा अर्धा टाक. चाबूक पडेल, पण पुन्हा अर्ध्या हातात घालतील. मी हे लिहिते आहे, माझ्या बहिणीला चाबूक पडू दे असं लिहिते आहे, ह्यावरून काय ते ओळख.

आणि त्या पाच जणींना सांग, बाईंनो, पुरे झालं आता. तुला मी एकीला शिकवायला सांगितलं होतं.

टेमर


ओगीची नदी, १६ ऑक्टोबर

ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्यात शिव्या कमी होत्या म्हणून तेच दोनदा वाचलं.

उशीर झाला कारण मध्ये लिहिण्यासारखं नव्हतं. भात कापताना बांधावर तुझ्या त्या पुस्तकातलं एक पान सापडलं. ट्रॅमेलला सापडलं. त्याने सगळ्यांना खळ्यात उभं केलं. पान वाऱ्याने आलं असेल, होडीतून पडलं असेल, असं सगळ्यांनी सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण पुढे काही हातीही लागलं नाही. पाठी बऱ्या होताहेत. मिंडाला हात लावू दिला नाही.

तू हात आखड म्हणतेस. आता मागे फिरता येत नाही, ताई. का ते लिहीत नाही. तुझी बहीण मूर्ख आहे असं समजलीस तरी चालेल, लहानपणापासून समजत आलीच आहेस.

राहिलेली पानं मी चुलीत घातली. आता पानांची गरज नाही, सगळं डोक्यात आहे. विणणं थांबलेलं नाही, फक्त जागा बदलली. मिंडाबद्दल तुला जे हवं होतं ते झालं आहे. खाली तिनेच लिहिलं आहे. मी हात धरला नाही, शप्पथ.

फीबी

आई मी मिंडा. मी इथे आहे. तू सव्हानाला आहेस. मावशी बरी आहे.


सव्हाना, १५ जानेवारी १८५४

मिंडा,

आता तुला वाचता येतं, म्हणून तुलाच लिहिते.

चिठ्ठ्या निघाल्या. तू आणि मी मोठ्या मुलाच्या वाट्याला. म्हणजे तू आहेस तिथेच राहशील. हे वाचून मला गुडघे टेकून देवाचे आभार मानायला हवे होते, पण तुझ्या मावशीची चिठ्ठी धाकट्याकडे गेली. अर्धा हात असती तर तुझ्या जुडीत राहिली असती. पुरा हात म्हणून तिची चिठ्ठी वेगळी टाकली.

मंगळवारी धुणं पोचवायच्या निमित्ताने मी विक्रीच्या आवाराकडून गेले. कुंपणाच्या फटीतून सगळं दिसत होतं. अलाबामाचा एक माणूस तुमच्या लोकांना एकेक करून चालवून बघत होता. तुझ्या मावशीला बोलावलं. मला वाटलं, आता लंगडेल. ज्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही त्यांना मिंगोच्या होडीतून परत पाठवत होते, माझ्यादेखत तीन म्हातारे परत गेले. तिने एक पाऊल जरी ओढलं असतं तरी तीही परत आली असती, तुझ्याजवळ.

ती सरळ चालली, मिंडा. भिंतीपर्यंत गेली, वळली आणि परत आली. त्याने पुन्हा चालायला लावलं, पुन्हा तशीच. तो ट्रॅमेल शेजारी उभा राहून हसत होता. एकदा तिची माझ्याकडे नजर गेली आणि तिने लगेच काढून घेतली. त्याच दुपारी त्यांना आगगाडीत घातलं.

मला काही कळत नाही. गुडघा बरा झाला होता तर मला सांगितलं का नाही? झाला नव्हता तर चालली कशाला? ती पहिल्यापासूनच अशी. कुणी शाबास म्हटलं की हुरळून जायची. ट्रॅमेलने पुरा हात म्हटलं, तेवढ्यावर भुलली आणि तुला एकटीला टाकून गेली. आणि त्या पाच जणी, रोज दुपारी तिच्याभोवती बसणाऱ्या, त्यांच्यातल्या एकीलाही तिला अडवता आलं नाही? त्यांनी तिच्याकडून घेतलं आणि तिला जाऊ दिलं. माझ्यासमोर येऊ नयेत त्या.

तू कुणाच्या घरी जेवतेस ते कळव. थंडी आहे, पाय झाकून झोप.

तुझी आई


ओगीची नदी, ५ फेब्रुवारी

आई,

माझं अक्षर मोठं आहे आणि कागद एवढाच आहे, म्हणून भराभर सांगते. टोपली वगैरे लिहीत नाही. नावं लिहू नयेत असं मावशी म्हणायची, पण नावं लिहिली नाहीत तर तुला कळणारच नाही. वाचून लगेच जाळ.

मी डॉर्कस आजीकडे जेवते, जिची तीन मुलं विकली तीच. भात आणि चवळी असते, रविवारी मासे. पाय झाकते.

मावशीचा गुडघा बरा झाला नव्हता. ती पट्टा करतच नव्हती. बाया आपला पट्टा खुरपता खुरपता तिच्या पट्ट्यातल्या दोन-दोन ओळी ओढून घ्यायच्या, सगळ्याच जणी, कुणाला दिसायचंही नाही. आयशमकाकाला दिसायचं, पण तो मुकादम असूनही काही बोलायचा नाही, कारण दुपारी तोही बांधावर शिकायला यायचा. बायांचं म्हणणं, फीबी आपल्याला देते तर तिच्या गुडघ्याला एवढा आराम द्यायलाच हवा. त्यांना चांगलंच करायचं होतं. पण मावशीचा पट्टा सगळ्यांच्या आधी संपू लागला, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ट्रॅमेलच्या आलं. मग त्याने पुरा पट्टा दिला, तर बायांनी तोही ओढला. आपण तिला वाचवतोय असं वाटलं त्यांना.

तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा मावशीने त्यांना सांगितलं, आता थांबा, मला अर्धा हात व्हायचंय. थांबणारच होत्या. तेवढ्यात ते पान सापडलं. खळ्यात ट्रॅमेलने सगळ्यांदेखत मावशीला विचारलं, “तुझा पट्टा तूच करतेस ना? का कुणी करून देतं?” मी तिच्या मागे उभी होते. नाही म्हणाली असती तर त्याने विचारलं असतं, कोण करतं, आणि कशाच्या बदल्यात. पान त्याच्या हातातच होतं. ती म्हणाली, “मीच करते, साहेब.” मग तसंच चालू ठेवावं लागलं. कमी केलं असतं तर त्याला कळलं असतं.

विकताना चालवून बघतात हे आयशमकाकाने आधीच सांगितलं होतं. ट्रॅमेल तिथे असणार हेही. ती लंगडली असती तर त्याला तिथल्या तिथे उमगलं असतं की एवढे महिने तिचा पट्टा कोण करत होतं. तिला परत पाठवलं असतं, खरं आहे. पण तोही परत आला असता.

म्हणून नाताळाच्या आधी ती रोज बांधावर चालायची आणि मी मागून बघायचे. कुठे लंगडते ते मी सांगायचं. मी सांगायचे, मावशी, डावा खांदा पडतोय. मावशी, आता टाच वाजतेय. ती परत मोरीपर्यंत जायची आणि परत यायची. एकदा खालीच बसली. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. मी म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, “तुझ्या ओळी चुकायच्या तेव्हा मी पुरे म्हटलं होतं का?” आणि उठली. आई, तिला सरळ चालायला मी शिकवलं. राग करायचा तर माझा कर.

त्या आगगाडीच्या पुढे तिचा गुडघा किती दिवस दम धरील? अलाबामात कापूस असतो, तिथे पट्टा नसतो, अंधार पडेपर्यंत वेचायचं असतं, असं मिंगो म्हणतो. तिला लिहिता येतं, पण तिथे मिंगो नाही. मी रोज विचार करते की ती पत्र लिहील आणि कुणाच्या हातात देईल. मला काही सुचत नाही. तुला सुचलं तर सांग.

आता महत्त्वाचं. मिंगोने तुझं पत्र दिलं तेव्हा सगळ्या जणी अंगणात सुपांनी भात पाखडत होत्या. सगळ्या थांबल्या. डॉर्कस आजी म्हणाली, “टेमर आम्हाला शिव्या देत असेल. देऊ दे. आमच्या हातून झालंय. मोठ्याने वाच.” आयशमकाका पण येऊन उभा राहिला. टोपी काढून.

मी आधी मनात वाचलं. मग मोठ्याने दुसरंच वाचलं. तुझ्या पत्रात नव्हतं ते. माझं बोट ओळींवरून फिरत होतं आणि मी दुसरंच बोलत होते. त्यांना कळलं नाही. डॉर्कस आजी रडली आणि म्हणाली, टेमर मोठ्या मनाची आहे. त्या दिवसापासून त्यांना झोप लागते असं त्या म्हणतात. मला लागत नाही.

पण आता त्यांना ते पत्र हातात हवं आहे. आजीला छोटे शब्द जुळवता येतात आणि आयशमकाका तर आख्खी ओळ वाचतो. म्हणतात, आम्ही सावकाश वाचू, आम्हाला टेमरचं अक्षर बघायचंय. मी म्हटलं, चुलीत पडलं. तर म्हणाले, मग तिला पुन्हा लिहायला सांग.

म्हणून मिंगोच्या पुढच्या खेपेला पत्र पाठव. अक्षर मोठं काढ आणि शब्द सोपे घाल. मी जे वाचलं ते असं होतं:

‘बायांनो, मी माझ्या बहिणीला पाहिलं. ती सरळ चालली. तिला सगळं ठाऊक होतं. तुमच्यावर माझा राग नाही. मिंडाला जेवू घाला आणि दुपारी तिच्याजवळ बसत जा.’

राग असला तरी असंच लिही.

तुझी मिंडा